प्रवासाचे क्रेडिट कार्ड आणि ५,९०० रुपयांचा हिशेब

मे २०२४ मध्ये ॲक्सिस बँकेच्या ॲटलस कार्डाचे पहिले स्टेटमेंट आले, तेव्हा त्यात खरेदीच्या आधी दोन ओळी होत्या. वार्षिक शुल्क ५,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी ९०० रुपये. आमच्या घरी हिशेब मी ठेवते. फुकट मिळणारी कार्डे चार आणि शुल्क भरून घेतलेले हे एकच, त्यामुळे त्या दोन ओळींखाली मी पेन्सिलीने रेघ मारली आणि वर्षभर या कार्डावर काय खर्च झाला, त्यातून काय मिळाले आणि जे मिळाले ते आमच्या खरोखर उपयोगी पडले का, याची वेगळी वही घातली. एप्रिल २०२५ च्या शेवटी कार्ड पुढे चालवायचे की बंद करायचे हे ठरवायचे होते. पुढचे परीक्षण त्या वहीवरून लिहिले आहे, म्हणून त्यातील अटी आणि आकडे त्या वर्षाचे आहेत.

कार्डाची मांडणी समजायला सोपी आहे. विमान कंपनीच्या किंवा हॉटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावर थेट केलेल्या खर्चावर, तसेच बँकेच्या ट्रॅव्हल एज या पोर्टलवरच्या खर्चावर दर शंभर रुपयांना ५ एज माइल्स, म्हणजे बँकेचे बक्षिसाचे गुण, मिळतात, आणि त्याला महिन्याला दोन लाख रुपयांची मर्यादा आहे. बाकीच्या पात्र खर्चावर शंभराला २ माइल्स मिळतात. पहिला व्यवहार ३७ दिवसांत केला की २,५०० माइल्स स्वागताचे म्हणून जमा होतात. वर्षाचा खर्च तीन लाखांवर गेला की २,५००, साडेसात लाखांवर गेला की आणखी २,५०० आणि पंधरा लाखांवर गेला की ५,००० असे टप्पे आहेत. तळच्या, म्हणजे सिल्व्हर, श्रेणीत वर्षाला देशांतर्गत ८ आणि आंतरराष्ट्रीय ४ लाउंज प्रवेश आहेत. जमलेला एक माइल ट्रॅव्हल एजवर एक रुपयाचे काम करतो, पण तोच माइल बहुतेक भागीदार विमान कंपन्यांच्या किंवा हॉटेलांच्या स्वतःच्या गुणांच्या योजनेत वर्ग केला तर त्याचे दोन गुण होतात. कार्डाची सगळी कीर्ती या शेवटच्या वाक्यावर उभी आहे, आणि माझ्या वहीतला सगळा घोळही तिथेच आहे.

एक गोष्ट मात्र कार्ड घेण्याआधीच नीट वाचून घ्यावी. किती खर्च केला म्हणजे शुल्क माफ होते, असा आकडा या कार्डाला नाही. तुम्ही वर्षाला दहा लाख खर्च करा की दहा हजार, ५,९०० रुपये द्यायचेच. शिवाय सिल्व्हर श्रेणीत नूतनीकरणाच्या वेळी एकही माइल मिळत नाही. ती भेट साडेसात लाखांच्या पुढच्या गोल्ड आणि पंधरा लाखांच्या पुढच्या प्लॅटिनम श्रेणीलाच आहे. म्हणजे मध्यमवर्गीय खर्चाच्या घरात दुसरे वर्ष हे पहिल्या वर्षापेक्षा २,५०० माइल्सनी गरीब असते. पहिल्या वर्षाच्या आनंदावर दुसऱ्या वर्षाचे शुल्क भरणारी बरीच मंडळी माझ्या ओळखीत आहेत.

आता वही. वर्षभरात विमान आणि हॉटेल यांवर थेट झालेला खर्च १,३८,००० रुपये. त्यात मुंबईहून सिंगापूरची तीन माणसांची जाण्यायेण्याची तिकिटे ७८,००० रुपयांची होती, कारण नणंद तिकडे असते आणि सासूबाईंना लेकीचे नवे घर पाहायचे होते. बाकी दिल्लीची एक खेप आणि दोन ठिकाणचे हॉटेल. किराणा, कपडे, औषधे, पुस्तके, घरातले एक वॉशिंग मशीन असा इतर पात्र खर्च १,९४,००० रुपये. पहिल्याचे ६,९०० माइल्स, दुसऱ्याचे ३,८८०, तीन लाखांच्या टप्प्याचे २,५००, स्वागताचे २,५००. बेरीज १५,७८०.

या बेरजेत जे नाही ते आधी सांगते, कारण पुष्कळांचा अंदाज तिथेच चुकतो. आरोग्य विमा आणि आयुर्विमा यांचे हप्ते, वीजबिल, फोनचे बिल, पेट्रोल, सरकारी भरणा, घरभाडे, दागिने, वॉलेटमध्ये टाकलेले पैसे यांवर माइल्स मिळत नाहीत. आमच्या विम्याचेच वर्षाला ६२,००० रुपये होतात. कार्ड घेताना मी ते मनातल्या मनात तीन लाखांच्या टप्प्यात धरले होते, आणि तो टप्पा शेवटी वॉशिंग मशीनमुळे पार पडला. (जुने मशीन आणखी सहा महिने सहज चालले असते, हेही वहीत लिहून ठेवले आहे.) दुसरी चूक नागपूरच्या लग्नाच्या वेळी झाली. तिकिटे सवयीने एका प्रवासाच्या ॲपवरून काढली आणि ५ ऐवजी २ च माइल्स पडले. ॲपवरचे विमानाचे तिकीट हा या कार्डाच्या लेखी विमान कंपनीवरचा खर्च ठरत नाही.

एक माइल म्हणजे एक रुपया असे धरले तर १५,७८० रुपये मिळाले, ५,९०० गेले, ९,८८० हाती राहिले. एवढ्यावर कार्ड फायद्याचे ठरवून बरेच जण वही मिटतात. मला ते पटले नाही. हाच खर्च या कार्डावर केला नसता तर तो काही रोखीने झाला नसता. माझ्याकडे आधीपासून एसबीआयचे कॅशबॅक कार्ड आहे. त्यावर ऑनलाइन खर्चाला ५ टक्के आणि दुकानातल्या खर्चाला १ टक्का रक्कम थेट परत येते, त्याचे शुल्क ९९९ रुपये अधिक जीएसटी असून वर्षाला दोन लाख खर्च झाला की ते माफ होते, आणि परताव्याला महिन्याची कमाल मर्यादा असली तरी माझा खर्च त्या मर्यादेत बसतो. आता तोच खर्च तिकडे मांडून पाहिला. विमान आणि हॉटेलचे १,३८,००० ऑनलाइनच होते, त्यांचे ६,९००. इतर खर्चापैकी १,१०,००० ऑनलाइन, त्यांचे ५,५००. उरलेल्या ८४,००० चे ८४० रुपये. एकूण १३,२४० रुपये, रोख, शुल्काविना, आणि ते वापरण्यासाठी कुठेही जावे लागत नाही.

म्हणून प्रवासाच्या कार्डाची तुलना शून्याशी करू नये असे माझे मत झाले. ॲटलसला माझ्या घरी १३,२४० रुपयांना हरवायचे होते, आणि एका माइलला एक रुपया या दराने ते हरत होते. ते जिंकायचे तर माइल्सची किंमत रुपयापेक्षा पुष्कळ वर जायला हवी, आणि तिथे दोनपट होणारे गुण कामाला येतात. लाउंजचा हातभार लागतो तो वेगळा. आधी लाउंज पाहू.

सिंगापूरचे विमान मुंबईहून रात्री उशिरा होते. सुरक्षा तपासणी आटोपून आम्ही तिघे टर्मिनल २ वरच्या एका लाउंजच्या दारात पोहोचलो, तेव्हा रांग कॉरिडॉरमध्ये वळसा घेऊन उभी होती. पुढे एक तरुण ओळीने चार कार्डे हातात पत्त्यांसारखी धरून कोणते आधी द्यावे याचा विचार करत होता. पस्तीस मिनिटांनी आत गेलो. बसायला जागा मिळाली ती दोन ठिकाणी विभागून. सासूबाई एका अनोळखी कुटुंबाच्या सोफ्याच्या कडेला बसल्या. मी ताटात दहीभात, पनीर आणि एक बिनचवीचा केक घेऊन आले. त्यांनी दहीभात खाल्ला, पर्स उघडली आणि रुमालात बांधलेल्या दशम्या व शेंगदाण्याची चटणी बाहेर काढली. "एवढ्यासाठी रांगेत उभं केलंस होय गं?" त्या म्हणाल्या. शेजारच्या सोफ्यावरच्या बाईंनी एक दशमी मागून घेतली.

ॲटलसच्या लाउंज प्रवेशात पाहुण्यांनाही नेता येते, पण प्रत्येक माणसाचा प्रवेश त्याच संख्येतून वजा होतो. चारपैकी तीन प्रवेश जाताना संपले. परतताना चांगी विमानतळावर आम्ही तिघे होतो आणि प्रवेश एक होता. तो सासूबाईंना द्यावा असे ठरले, पण त्यांना एकटीने आत जायचे नव्हते, म्हणून तो एक प्रवेश वर्ष संपेपर्यंत तसाच पडून राहिला. देशांतर्गत आठपैकी पाच वापरले. लाउंजवाले दारात दोन रुपये कापतात आणि बाहेर ज्याला हजार-बाराशे रुपये घेतात ते आत देतात, म्हणून प्रत्येक प्रवेशाचे हजार रुपये धरायचे, अशी मोजणी सर्रास केली जाते. तशी केली तर माझे आठ प्रवेश आठ हजारांचे झाले आणि शुल्क तिथेच वसूल होऊन वर दोन हजार उरले. परंतु लाउंज नसता तर मी विमानतळावर आठ हजार रुपये खाण्यावर घालवले असते का? मुंबईला आम्ही तीन कॉफ्या आणि पाण्याची बाटली घेतली असती, सातशे रुपयांत काम झाले असते. देशांतर्गत प्रवासात माणशी चहा आणि एखादा वडा, १८० रुपये धरले, म्हणजे पाच वेळचे ९००. मी लाउंजच्या खात्यावर १,६०० रुपये लिहिले. ज्यांना कामानिमित्त दर आठवड्याला विमानतळावर तीन तास काढावे लागतात, लॅपटॉप लावायला जागा लागते, त्यांनी ही रक्कम चौपट धरावी. त्यांचे त्यात काही चुकणार नाही.

आता माइल्स. ॲटलसचे भागीदार दोन गटांत विभागलेले आहेत आणि वर्षाला एका गटात ३०,००० आणि दुसऱ्यात १,२०,००० माइल्सच वर्ग करता येतात. सिंगापूर एअरलाइन्सची क्रिसफ्लायर ही गुणांची योजना पहिल्या गटात, एअर इंडिया दुसऱ्या. आमच्या साडेपंधरा हजारांना या मर्यादांचा काही त्रास नव्हता. विमानाच्या गुणांवर मिळणाऱ्या जागा शोधायला मी तीन संध्याकाळी घालवल्या. दिवाळीच्या सुट्टीत, तीन माणसांना, एकाच विमानात, जाताना आणि येतानाही, अशी अट घातली की त्या जागा दिसेनाशा होतात. मंगळवारी एकट्याने निघू शकणाऱ्या माणसासाठी ती सोय उत्तम आहे. नवऱ्याची सुट्टी, माझे वर्षअखेरीचे काम आणि सासूबाईंचे श्रावणातले उपास सांभाळून निघणाऱ्या घरासाठी ती जवळजवळ नाहीच.

उरले हॉटेल. ॲकॉर या हॉटेल समूहात एका माइलचे दोन गुण होत, आणि त्यांच्याकडे २,००० गुणांना बिलातून ४० युरो वजा होतात. हा दर ठरलेला असल्यामुळे यात तारखांची लपाछपी नाही, ही या भागीदाराची मोठीच जमेची बाजू. जानेवारी २०२५ मध्ये मी ६,००० माइल्स तिकडे वर्ग केले, त्याचे १२,००० गुण, म्हणजे २४० युरो झाले. डिसेंबर २०२४ पासून माइल्स असे वर्ग करायला १९९ रुपये आणि जीएसटी, म्हणजे २३५ रुपये पडू लागले आहेत, तेही भरले. गोव्यात कांदोळीच्या नोवोटेलमध्ये, म्हणजे ॲकॉरच्याच हॉटेलात, दोन रात्री राहिलो. जादा खाटेसह आणि करांसह बिल २७,००० रुपये झाले, त्यातून २४० युरोंचे सुमारे २१,३०० रुपये वजा झाले आणि ५,७०० रुपये आम्ही दिले. खोली स्वच्छ, पलंग ऐसपैस, सकाळच्या नाश्त्याला घावन्यांपासून क्रोसाँपर्यंत सगळे. त्या दोन दिवसांबद्दल आमची काही तक्रार नाही. कागदावर एका माइलला ३ रुपये ५५ पैसे मिळाले. नवऱ्याने परतीच्या वाटेवर, आंबोलीचा घाट चढताना, हा आकडा मला तीनदा ऐकवला.

आम्ही गोव्याला दरवर्षी जातो आणि हळदोण्यात एका घरगुती मुक्कामात उतरतो. तिथे तिघांची मोठी खोली ३,२०० रुपयांना मिळते, म्हणजे दोन रात्रींचे ६,४००. कांदोळीला आम्ही खिशातून ५,७०० दिले. वर्ग करण्याचे २३५ क्षणभर बाजूला ठेवले तरी आमच्या घरातून त्या दोन रात्रींसाठी नेहमीपेक्षा फक्त ७०० रुपये कमी बाहेर पडले, आणि त्यासाठी सहा हजार माइल्स खर्ची पडले. मी हे मांडल्यावर नवरा म्हणाला, "अगं, पण हॉटेल चांगलं होतं की! त्या चांगलेपणाचं तू शून्य धरतेस?"

त्याचे म्हणणे रास्त होते. सत्तावीस हजार हा आकडा हॉटेलचा, सहा हजार चारशे हा आमच्या सवयीचा. आम्हाला ते हॉटेल किती रुपयांचे वाटले हा तिसरा आकडा असायला हवा होता आणि तो कोणी लिहिलेलाच नव्हता. म्हणून आम्ही दोघांनी वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर उत्तर लिहिले: माइल्स नसते, सगळे पैसे रोखच द्यायचे असते, तर याच खोलीला एका रात्रीचे जास्तीत जास्त किती रुपये आपण खुशीने दिले असते? त्याने ६,००० लिहिले, मी ४,०००. सासूबाईंनी न विचारता सांगितले, "दोन हजार, आणि तेही नाश्त्याचे," पण त्यांचे मत आम्ही सरासरीत धरले नाही. सरासरी ५,०००, दोन रात्रींचे १०,०००. त्यातून दिलेले ५,७०० वजा केले की ४,३०० रुपये उरतात. सहा हजार माइल्सचे चार हजार तीनशे रुपये, म्हणजे एका माइलला ७२ पैसे.

हा आकडा पाहून मी स्वतःही थोडी चकित झाले. ट्रॅव्हल एजवर बसल्या जागी एक रुपया देणारा माइल आम्ही कागदावर साडेतीन रुपयांना आणि प्रत्यक्षात बहात्तर पैशांना विकला होता, आणि वर गोवाभर त्याचे कौतुक केले होते. हॉटेलची एका रात्रीची खोली साडेसात हजारांच्या वर गेली की तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे आमच्या 'मिळालेल्या' एकवीस हजारांतला एक मोठा तुकडा सरकारच्या करात गेला होता, जो हळदोण्याच्या खोलीवर एरवी निघालाच नसता.

उरलेल्या ९,७८० माइल्सपैकी ९,७०० मी पोर्टलवर विमानाच्या तिकिटांसाठी वापरले. ती तिकिटे काढायचीच होती, त्यामुळे त्यांचे पूर्ण ९,७०० रुपये जमेला धरले. पोर्टलवरचे भाडे विमान कंपनीच्या संकेतस्थळावरच्या भाड्याशी ताडून मगच माइल्स वापरावेत, नाही तर रुपयाचे नव्वद पैसे कधी होतात ते कळत नाही.

परदेशातल्या खर्चाविषयी थोडक्यात. प्रवासाचे म्हणून घेतलेले हे कार्ड परदेशात वापरू नये. परकीय चलनातल्या व्यवहारावर ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे चलन बदलण्याचे बँकेचे जादा शुल्क, आणि त्यावर जीएसटी मिळून ४.१३ टक्के जातात आणि बदल्यात शंभराला २ माइल्स येतात. सिंगापूरला पहिल्या दिवशी सवयीने हेच कार्ड पुढे केले, ११,४०० रुपयांची खरेदी झाली आणि ४७१ रुपये मार्कअपचे गेले. दुसऱ्या दिवसापासून शून्य मार्कअपचे कार्ड काढले. आयडीएफसी फर्स्टचे वाऊ किंवा फेडरल बँकेचे स्कॅपिया अशी कार्डे त्यासाठी आहेत आणि त्यांना वार्षिक शुल्क नाही. दुकानदाराने रुपयांत कापू की डॉलरमध्ये असे विचारले तर तिथल्या चलनातच सांगावे. आणि ज्यांचे बिल दर महिन्याला पूर्ण भरले जात नाही त्यांनी प्रवासाच्या कोणत्याच कार्डाच्या वाटेला जाऊ नये, महिन्याला ३.७५ टक्के व्याज म्हणजे साध्या हिशेबानेही वर्षाला ४५ टक्के, त्यापुढे कोणत्याही माइलचे काही चालत नाही.

वर्षअखेरची बेरीज अशी झाली. पोर्टलचे ९,७००, गोव्याचे ४,३००, लाउंजचे १,६००, मिळून १५,६००. वजा २३५, वजा शुल्क ५,९००. उरले ९,४६५ रुपये. सिंगापूरचे ४७१ माझ्या चुकीचे म्हणून कार्डाच्या माथी मारले नाहीत. समोर कॅशबॅक कार्डाचे १३,२४०. म्हणजे पहिल्याच, स्वागताच्या माइल्सनी सजलेल्या वर्षात आमच्या घराला हे कार्ड ३,७७५ रुपयांना पडले. गोव्याचा हट्ट न धरता सगळे माइल्स रुपयाच्या दराने वापरले असते तरी ते तेरा हजारांच्या पलीकडे पोहोचले नसते.

याचा अर्थ कार्ड वाईट आहे असा मी काढणार नाही, आणि तो काढू नये यासाठी माझ्या मावसभावाचे उदाहरण देते. त्याचा भोसरीत यंत्रांच्या सुट्या भागांचा स्वतःचा व्यवसाय आहे. चेन्नई, बेंगळुरू, बँकॉक अशा त्याच्या फेऱ्या चालू असतात आणि तो आजही, स्वतःच्या पैशांनी, इबिस किंवा नोवोटेल या ॲकॉरच्या हॉटेलांतच उतरतो, कारण त्याला रात्री बाराला पोहोचून सकाळी सातला निघायचे असते. त्याचा प्रवासावरचा थेट खर्च वर्षाला सहा लाख, इतर पात्र खर्च तीन लाख. त्याचे ३०,००० अधिक ६,००० माइल्स, दोन टप्प्यांचे ५,०००, गोल्ड श्रेणीचे नूतनीकरणाचे २,५००, मिळून ४३,५००. रुपयाच्या दराने हा हिशेब कॅशबॅक कार्डाच्या आसपासच जातो. पण त्याने यांतले वीस हजार माइल्स जरी हॉटेलच्या बिलात वळवले, तर तिथला साडेतीन रुपयांचा दर त्याच्यासाठी खरा आहे. ते बिल तो एरवीही पूर्ण भरणारच होता. सत्तर हजारांच्या घरात त्याची खरोखरची बचत होते आणि ५,९०० रुपयांचा त्याने विचारही करू नये. कार्ड एकच, दर एकच, फरक फक्त तो एरवी कुठे झोपतो आणि आम्ही कुठे झोपतो एवढाच.

त्यालाही मी एक सावधगिरी सांगितली. माइल्स साठवून ठेवू नकोस. याच बँकेच्या मॅग्नस कार्डाचे उदाहरण फार जुने नाही. महिन्याला एक लाख खर्च केला की २५,००० गुण देणारे ते कार्ड लोकांनी धडाधड घेतले, आणि १ सप्टेंबर २०२३ पासून ती मासिक भेट बंद झाली, गुण वर्ग करण्याचे प्रमाण पाचाला चारवरून पाचाला दोनवर आले आणि शुल्क दहा हजारांवरून साडेबारा हजारांवर गेले. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली तेव्हा विस्ताराच्या क्लब विस्तारा योजनेचे गुण जमवणाऱ्यांना त्यांची सगळी गणिते एअर इंडियाच्या महाराजा क्लब योजनेच्या कोष्टकात नव्याने मांडावी लागली. लाउंजचे प्रवेश जुळवून देणाऱ्या ड्रीमफोक्सने सप्टेंबर २०२५ मध्ये देशांतर्गत लाउंजची सेवाच थांबवली. शुल्क आपण वर्षाचे आगाऊ भरतो, सवलती मात्र वर्षाच्या मध्ये बदलू शकतात.

याहून वरच्या कार्डांबद्दल मला वारंवार विचारले जाते, म्हणून एवढेच. एचडीएफसीच्या इन्फिनियाचे शुल्क १२,५०० रुपये अधिक जीएसटी असले तरी नूतनीकरणाला १२,५०० गुण परत मिळतात आणि दहा लाखांच्या खर्चावर शुल्क माफ होते, मार्कअपही २ टक्केच आहे. ज्यांना ते बँकेकडून देऊ केले जाते त्यांच्यापुढे फारसा प्रश्न उरत नाही. आमच्यासारख्यांना ते देऊ केले जात नाही.

एप्रिलच्या शेवटी मी कार्ड बंद करण्याचा अर्ज केला. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार थकबाकी नसेल तर असा अर्ज बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत निकाली काढायचा असतो, आणि उशीर झाल्यास दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे असतात. अर्जाआधी माइल्स वापरून टाकावेत. माझे ८० माइल्स उरले होते. ऐंशी रुपयांचे विमानाचे तिकीट कुठे मिळत नाही, म्हणून ते तसेच सोडले. नवरा मात्र अजून म्हणतो की कांदोळीचा तो नाश्ता मी स्वस्तात धरला.